ओल्या घोंगडीचा मल्हू

टण्ण.

एवढाच आवाज झाला. देवळातल्या घंटेइतका मोठा नाही आणि पैंजणाइतका बारीकही नाही. तांब्याच्या रिकाम्या कळशीला बोटाचं पेर लागावं, तसा. पण तो आवाज एका पाच वर्षांच्या पोराच्या कानात जो शिरला, तो जन्मभर तिथंच राहिला, असं म्हणतात.

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती झाली ते सांगता येत नाही. खडपी गावच्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते म्हणतात, आमच्या म्हाताऱ्यांनाही ही गोष्ट जुनीच वाटायची.

खडपीच्या वरच्या अंगाला ओझरी नावाचा ओढा आहे. त्या ओढ्यात भिकाई नावाची एक पाथरवटीण धुणं धूत होती आणि तिचा मल्हू पाण्यात पाय सोडून बसला होता. धोपटणं तिच्या हातातून निसटलं आणि खालच्या काळ्या दगडावर आपटलं. तोच तो आवाज.

"आये, दगुड बोलला," मल्हू म्हणाला.

भिकाई दचकली नाही. कामाच्या बाईला दचकायला वेळ नसतो. ती म्हणाली, "बोलंल न्हाईतर काय करंल? रोज आंघूळ घालतीया मी त्येला."

मल्हू हसला आणि गोष्ट तिथंच राहिली. पण त्या दिवसापासून त्याला एक खोड लागली. दिसेल त्या दगडावर तो बोटाचं पेर वाजवायचा आणि कान लावायचा. लोक म्हणायचे, भिकाईचं पोरगं दगडाशी सोयरीक जुळवतंय. भिकाई म्हणायची, "जुळवू दे. दगुड हुंडा तरी मागत न्हाई."

खडपीला तेव्हा शेत नव्हतं. आजही फारसं नाही. जिकडे बघावं तिकडे खडक. गावातले लोक पाटे, वरवंटे आणि जाती घडवायचे, गाढवांवर लादायचे आणि आठ महिने गावोगाव हिंडून विकायचे. जुन्या जात्यांना टाकी लावून द्यायचे. पावसाळ्यापुरते घरी यायचे. घर म्हणजे तरी काय, चार काठ्या आणि गवत. मल्हू असाच वाढला, त्याचं लग्न असंच झालं आणि त्याच्या बायकोला, हौसाला, दोन मुलीही अशाच झाल्या. थोरली एका आंब्याखाली झाली, धाकटी कुण्या गावच्या धर्मशाळेच्या वळचणीला. दोघी चांगल्या धडधाकट होत्या, पण हौसाच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. एकदा ती मल्हूला म्हणाली, "पुढचं लेकरू तेवढं आपल्या गावात, आपल्या उंबऱ्याच्या आत जन्मू दे. मला दुसरं काय बी नको."

मल्हूनं मान हलवली. तो कमी बोलायचा. पण ते त्याच्या काळजात जाऊन बसलं.

आता त्याच सुमाराला काय झालं ते ऐका. त्या मुलखाचा राजा भला होता, असं म्हणतात. मुलं धुळीत बोटांनी अक्षरं गिरवतात, वारा येतो आणि अक्षरं घेऊन जातो, हे त्यानं पाहिलं. त्यानं ठरवलं, प्रत्येक पोराच्या मांडीवर दगडाची पाटी आली पाहिजे. मग पाटीचा दगड कुठं मिळेल याचा शोध सुरू झाला आणि शोधणारे ओझरीच्या ओढ्यात भिकाईच्या धुण्याच्या दगडापाशी येऊन थांबले. तो दगड काळा, गुळगुळीत आणि पानापानांचा होता. छिन्नी बरोबर ठिकाणी लावली की पोथीची पानं सुटावीत तसा तो सुटायचा. गावात त्याला पानखडा म्हणत.

राजानं त्रिंबकराव वाकनीस नावाच्या साहेबाला पाठवलं. किडकिडीत अंगाचा, डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं. त्यानं डोंगराच्या उतारावर गिरण बांधायला काढली. गावातल्या सगळ्या हातांना काम मिळालं. तीन वर्षं बांधकाम चाललं.

तशी इमारत त्या खोऱ्यात कुणी पाहिली नव्हती. तीन मजले, पण एकावर एक ठेवलेले डबे नव्हेत. उताराला पाठ लावून ती अशी बसवली होती, की वरचा मजला वरच्या वाटेला टेकायचा आणि खालचा मजला खालच्या वाटेला. म्हणजे दगडाला कुठंही वर चढायला लागायचं नाही. खाणीतून तो ढकलगाडीवरून थेट वरच्या दारात यायचा. तिथून मधल्या मजल्यावर उतरायचा. तिथं लोखंडी करवती होत्या. करवतीखाली वाळू आणि पाणी सोडायचं, आणि करवत पुढं-मागं, पुढं-मागं जात दगडाचे सारखे तुकडे पाडायची. मग ते खालच्या मजल्यावर जायचे. तिथं माणसं मांडी घालून बसायची आणि छिन्नी-मोगरीनं त्यांची पानं सोडवायची. तयार पाट्या खालच्या दारानं बैलगाडीत. फुटका माल बाजूच्या खिडकीतून दरीत.

मल्हूचा जोडीदार केरू म्हणायचा, "वरच्या दारानं पैलवान आत जातो आनि खालच्या दारानं पापड भाईर येतो."

भिंतींना माणसाच्या दुप्पट उंच खिडक्या होत्या, वरती कमानी, आणि दारं-तावदानं काही नाहीत. दगडाची पूड आणि करवतीचा आवाज बाहेर जावा म्हणून. कमानी चढल्या तेव्हा गावातल्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या. एवढी उंच कमान देवाशिवाय कुणाला कशाला लागेल?

"कंचा देव बसवणार, सायेब?" त्यांनी विचारलं.

"देव नाही. चाक," वाकनीस म्हणाले.

आणि खरंच चाक आलं. गिरणीच्या पोटात, मधोमध, वीस हात खोल खड्डा होता. त्यात सागवानाचं चाक उभं केलं. त्याच्या कडेला सगळीकडे लाकडी खोकी. ओझरीचं पाणी दगडी खांबांवरच्या पन्हळीतून यायचं, भिंतीतल्या भोकातून आत शिरायचं आणि चाकाच्या माथ्यावर पडायचं. खोकी भरायची, जड व्हायची, खाली जायची, आणि चाक फिरायचं. चाकाचा कणा फिरला की दातेरी चाकं फिरायची, दातेरी चाकांवरून चामड्याचे पट्टे फिरायचे आणि मधल्या मजल्यावर आठ करवती एकदम हलायला लागायच्या. पहिल्यांदा चाक फिरलं तेव्हा बायकांनी त्यालाच कुंकू लावलं. फिरत्या चाकाला कुंकू कसं लावणार? ज्या खोक्याला लागलं त्या खोक्याला लागलं.

मल्हूला दगडांचा मुकादम केलं, कारण दगड वाजवून चांगला-वाईट सांगणारा दुसरा कुणी नव्हता. हौसानं गिरणीच्या खालच्या वाटेला घराची जागा बघून ठेवली. गाढवं विकली. आता रस्त्यावर जायचं नाही.

आणि इथं मल्हूची चूक झाली.

खडपीच्या माणसाला गिरण माहीत होती ती पिठाची. लांबच्या बाजारगावी पाण्यावर चालणारी एक होती. तिथं दाणे न्यायच्या आधी आई काय करायची? अंगणात पसरून चांगली चार उन्हं द्यायची. ओलं दळायला नेलं तर जातं चिकटतं, पीठ बिघडतं, गिरणीवाला शिव्या देतो. हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मल्हूनं पहिल्या दिवशी खाणीतून निघालेले दगड बघितले. ते ओले होते. खाणीतला दगड आतून ओलाच असतो. तो म्हणाला, "गिरणीत वलं घालू नये. आधी ऊन दाखवा." आणि सगळ्यांना ते पटलं. गिरणीच्या वरच्या अंगणात त्यांनी दगड मांडले, कुरडया मांडतात तसे ओळीनं. आठ दिवस इकडून उन्हं द्यायची, आठ दिवस तिकडून. पोरांना राखणीला बसवायचं काही कारण नव्हतं, पण केरूनं कावळे हाकलायला एक काठीसुद्धा ठेवली होती.

वाकनीसांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, हे पिढीजात पाथरवट, यांना दगडाचं कळत असेल.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. करवतींनी तुकडे पाडले, पण खालच्या मजल्यावर छिन्नी लावली की पान सुटायचंच नाही. दगड शिळ्या भाकरीसारखा कुठंही मोडायचा. दहातला एक सुटायचा, नऊ दरीत. माघ गेला, फाल्गुन गेला. दरीतला ढीग वाढत गेला, पाट्यांची रास वाढेना. मल्हू दगड वाजवायचा. टण्ण येत नव्हतं. थप्प यायचं. मातीच्या भिंतीवर थाप मारल्यासारखं. त्याला वाटायचं, उन्हं कमी पडली. तो आणखी आठ दिवस वाळवायचा.

चैत्री पौर्णिमेला वाकनीसांनी गावाला अंगणात बोलावलं. ते म्हणाले, "आखितीला राजाच्या दहा गाड्या येणार आहेत. त्या भरून गेल्या तर गिरण राहील. रिकाम्या गेल्या तर चाक आणि करवती उतरवून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचा हुकूम आहे. आणि मी उद्या राजधानीला कळवणार आहे, की या गावचा दगडच कच्चा आहे. दुसरं मला काही सुचत नाही."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अठरा दिवस राहिले होते. गाढवं विकली होती, आणि आता पाटे-वरवंटे घेऊन निघायचं तर पाठीवर घ्यायला लागणार होतं. हौसाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि नववा लागला होता. ती गिरणीच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि मल्हूकडे बघत नव्हती, म्हणजे सगळं बघत होती.

मल्हू तिथून उठला आणि ओढ्यावर गेला. भर दुपार होती. ओढा चैत्रातला, बारीक धारेचा. आईचा दगड पाण्यात अर्धा बुडालेला तसाच होता. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तो शेजारी बसला आणि सवयीनं त्यानं बोटाचं पेर वाजवलं.

टण्ण.

असं म्हणतात, की त्या वेळी पाण्यातून भिकाईचा आवाज आला. काही म्हणतात, आवाज वगैरे काही आला नाही, त्याला नुसती आठवण झाली. तुम्हाला जे आवडेल ते धरा. "बोलंल न्हाईतर काय करंल? रोज आंघूळ घालतीया मी त्येला."

मल्हू तसाच धावत खाणीत गेला. त्यानं तासाभरापूर्वी निघालेला एक दगड वाजवला. टण्ण. अंगणात आला. वाळलेला दगड वाजवला. थप्प. पुन्हा खाणीत. पुन्हा अंगणात. त्यानं वाळलेल्या दगडावर घागरभर पाणी ओतलं. तरी थप्प. मग त्याला कळलं. दगडाच्या पोटात खाणीचं पाणी असतं. ते आहे तोवर त्याची पानं सुटी असतात. ते एकदा उडून गेलं, की पानं एकमेकांना धरून बसतात, आणि वरून कितीही पाणी ओतलं तरी ती धरलेली सुटत नाहीत.

आता त्याला दोन वाटा होत्या. गुपचूप नवे दगड काढायचे, ओले ठेवायचे आणि काही बोलायचं नाही. पण उद्या सांडणीस्वार चिठ्ठी घेऊन जाणार होता, खडपीचा दगड कच्चा. एकदा राजधानीत ते लिहिलं गेलं, की या दगडाला कुणी हात लावणार नव्हतं. दुसरी वाट म्हणजे सांगायचं. तीन महिने ज्या माणसांनी त्याच्या शब्दावर दगड उलटे-पालटे केले, त्यांच्या तोंडावर सांगायचं.

तो अंगणात परत आला. लोक अजून पांगले नव्हते. तो दगडांच्या ओळींमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, दगुड कच्चा न्हाई. मी कच्चा. मी त्यास्नी वाळवून मारलं." आणि सगळं सांगितलं. एवढं तो आयुष्यात एका वेळी कधी बोलला नव्हता.

मग वाकनीसांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "मल्हू, मी शिकलेला माणूस. दगडावरची बारा पुस्तकं वाचून आलो. दगड वाळवू नये असं एकातही लिहिलेलं नव्हतं. कारण दगडाला कुणी कुरडईसारखं वाळत घालेल, हे त्या लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल."

केरू म्हणाला, "आनि मी वर कावळे हाकलत हुतो."

आधी वाकनीसच हसले. मग सगळे हसले. मल्हू तेवढा रडला, आणि हौसानं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," वाकनीस म्हणाले.

"आमास्नी वाटलं तुमास्नी ठावं हाय," मल्हू म्हणाला.

चिठ्ठी गेली नाही. अठरा दिवस हातात होते.

पण खाण गिरणीपासून अर्धा कोस वर होती. चैत्राचं ऊन असं, की दगड वाटेतच कोरडा पडायला लागायचा. भिजत ठेवायला पाणी कुठलं? ओझरीचं पाणी जेमतेम चाक फिरवायचं. वर थोडं जरी उपसलं, तरी चाक थांबायचं. मल्हू घरी गेला. घरात एक नवीकोरी घोंगडी होती, काळी, जाड. हौसानं ती होणाऱ्या लेकरासाठी धनगराकडून घेऊन ठेवली होती. तो ती हातात धरून उभा राहिला.

"काय?" हौसा म्हणाली.

"लोकर पानी धरून ठेवती," मल्हू म्हणाला. "लई येळ."

"दगडाचं बाळंतपन करताय व्हय?"

"व्हय."

"मग नीट करा," हौसा म्हणाली. "अर्धवट करू नगा."

चाकावरून पडलेलं पाणी खड्ड्यातून बोगद्यानं बाहेर पडायचं. त्याचं काम झालेलं असायचं, ते वाहून जायचं. मल्हूनं तिथं घोंगडी बुडवली, निथळती डोक्यावर घेतली, अर्धा कोस चढून गेला आणि नुकत्याच निघालेल्या दगडावर पांघरली. मग गाडी ढकलत खाली. वरच्या दारात दगड वाजवला. टण्ण. करवतीखाली गेला. खालच्या मजल्यावर केरूनं छिन्नी लावली, मोगरी हलकेच मारली, आणि पान सुटलं. अख्खं. आरशासारखं. केरूनं ते उचललं आणि पलीकडून बघितलं, जसं काही त्यातून आरपार दिसणार होतं.

मग सगळं गाव आलं. पण गावात तेवढ्या घोंगड्या नव्हत्या. पुरुषांनी पागोटी सोडली. बायकांनी जुनेरं आणली, गोधड्या आणल्या, पोरांच्या लंगोट्या आणल्या. चाकाखालच्या पाण्यात बुडवायचं, डोक्यावरून वर न्यायचं. घागर चढावर हिंदकळते, कापड हिंदकळत नाही. एकच पाणी आधी चाक फिरवायचं आणि मग दगडांना पांघरूण व्हायचं. अख्खं गाव उघड्या डोक्यानं हिंडत होतं आणि खडक कपडे घालून बसले होते. वाकनीस म्हणायचे, "या गावात दगडांचा मान माणसांपेक्षा मोठा दिसतो."

पंधराव्या दिवशी ओढ्याची धार करंगळीएवढी झाली. चाक मंद झालं, एक खोकं भरायला फार वेळ लागायला लागला. सात गाड्यांचा माल तयार होता, तीन गाड्यांचा बाकी. त्या सकाळी मल्हू खाणीच्या तोंडाशी गेला, सगळ्यांत मोठ्या दगडावर त्यानं आपली घोंगडी पांघरली आणि वर कपाळ टेकवून बसला. काही मागितलं नाही, असं म्हणतात. नुसता टेकला.

आणि डोंगरावरून धुकं उतरलं. चैत्र संपता संपता, त्या उन्हात! दाट, पांढरं, कापूस पिंजल्यासारखं. ते खाणीवर बसलं, वाटेवर बसलं, वरच्या अंगणात येऊन बसलं. तीन दिवस हललं नाही. दगडांच्या अंगावर थेंब उभे राहिले. डोंगरावरच्या धारा ओझरीत उतरल्या आणि चाक असं फिरायला लागलं, की त्याचा आवाज पलीकडच्या खोऱ्यात गेला. असं धुकं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, नंतरही कुणी पाहिलं नाही.

आखितीच्या सकाळी दहा गाड्या आल्या. दहावी भरत असताना हौसाचं पोट दुखायला लागलं. घराच्या भिंती अजून कमरेएवढ्या होत्या, पण उंबरा बसवलेला होता. बायकांनी तिला उंबऱ्याच्या आत नेलं, वर गवताची चटई धरली, आणि लेकरू जन्मलं. मुलगी. मग गुंडाळायला कापड शोधायला लागले, तर गावात एक चिंधीसुद्धा कोरडी नव्हती! सगळं भिजलेलं, सगळं दगडांवर. एक बाई बोगद्यापाशी गेली, एक खाणीकडे धावली. शेवटी कुणीतरी वाकनीस साहेबांकडे बघितलं. अख्ख्या खडपीत कोरडं कापड एकच होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं आणि पहिल्यांदाच ते तसे, मोकळ्या खांद्यानं, उभे राहिले.

गाड्या गेल्या. गिरण राहिली.

वाळलेले दगड वाया गेले असं तुम्हाला वाटेल. पान सुटत नव्हतं म्हणून काय झालं, भिंतीला ते पक्के होते. मल्हूनं दरीतला तो सगळा ढीग एक-एक करून वर आणला आणि त्यातून लोकांना घरं बांधून दिली. आधी हौसाचं पुरं केलं, मग केरूचं, मग सगळ्यांची. म्हणून खडपीत म्हणतात, की आमचं गाव मल्हूच्या चुकीनं बांधलंय. मोठ्या अभिमानानं म्हणतात.

पुढं पुष्कळ वर्षं चाक फिरत होतं. मल्हू म्हातारा झाला. बारा महिने त्याच्या खांद्यावर ती ओली घोंगडी असायची, आणि तरी त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही, असं म्हणतात. दगड वाटेवरून चालला की तो थांबवायचा, पेर वाजवायचा, कान लावायचा, आणि मानेनं जा म्हणायचा. त्या मुलखातल्या हजारो पोरांनी त्याच्या बोटाखालून गेलेल्या पाट्यांवर अक्षरं काढली. त्याला स्वतःला एकही अक्षर येत नव्हतं. पण शाळेजवळून जाताना पाटीवर पेन्सिल वाजलेली त्याला ऐकू यायची आणि तो क्षणभर थांबायचा.

मग कागद आला, पत्र्याची पाटी आली. खाणीतला पानखडाही संपत आला. एका आखितीला चाक थांबवायचं ठरलं. शेवटचा एक दगड वरच्या दारात आला होता. तो कापायचा नाही, दारातच राहू द्यायचा, असं मल्हूनं हातानंच सांगितलं. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्या दगडावर पांघरली. कडा सारख्या केल्या, झोपलेल्या लेकराच्या कराव्यात तशा. बोटाचं पेर वाजवलं. कान लावला. बराच वेळ लावला.

केरूचा नातू म्हणाला, "बाबा, काय म्हणतोय?"

मल्हू हसला. पन्हळीच्या कडेकडेनं ओढ्याच्या उगमाकडे चालत गेला. धुक्यात गेला म्हणतात, पण त्या दिवशी धुकं नव्हतं. तो परत आला नाही, आणि त्याला कुणी शोधलंही नाही. शोधण्यासारखा तो गेलाच नव्हता.

गिरणीला आता छप्पर नाही. चाकाच्या खड्ड्यात नेचा उगवतो, उंच खिडक्यांतून पाकोळ्या ये-जा करतात, आणि ऊन कमानींच्या आकाराचं खाली पडतं. वरच्या दारातला दगड तसाच आहे. वैशाखात सगळा डोंगर तापतो तेव्हाही हात लावला तर तो गार लागतो, ओला लागतो. लावून बघा.

दुसऱ्या गावांत आखितीला पितरांच्या नावानं पाण्याचा घट भरतात. खडपीत घटाबरोबर एक घोंगडी भिजवतात. वर्षभरात जी बाई सगळ्यांत शेवटी बाळंत झाली असेल, तिनं ती बोगद्याच्या पाण्यातून डोक्यावर घेऊन वर न्यायची आणि दगडावर पांघरायची. मग पेर वाजवायचं आणि ऐकायचं. काय ऐकू आलं हे तिनं सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाटीवरही खडपीत आधी ओलं फडकं ठेवतात, आणि मगच पहिलं अक्षर.

गेल्या आखितीला मान केरूच्या वंशातल्या सुनेचा होता. मुलगी शहरातली, शिकलेली, दीड महिन्याचं बाळ घेऊन आली होती. आदल्या दिवशी तिनं आजेसासूला विचारलं होतं, "दगड खरंच बोलतो का हो, आजी?" म्हातारी म्हणाली होती, "मी कशी सांगू? मला सांगायची बंदी हाय." सून खूप हसली होती.

सकाळी तिनं घोंगडी भिजवली. ती इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. चढ चढताना पाणी केसांतून, मानेवरून, पाठीवरून उतरत होतं. वर पोचल्यावर तिनं ती दगडावर टाकली, आणि मग कुणी सांगितलं नव्हतं तरी कडा सारख्या केल्या. बोट वाकवून पेर वाजवलं. वाकून कान लावला. माणसं वरच्या अंगणात उभी होती. एक पाकोळी खिडकीतून आत आली आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर गेली.

सून उठली. आजेसासूच्या हातातून बाळ घेतलं, त्याच्या कानाला आपला ओला गाल लावला, आणि कुणाशी काही न बोलता उतार उतरून निघून गेली.